ट्रॅक्टरच्या मापाचा खुबा

लहानपणीच्या क्षयाने माझा डावा खुबा खाऊन टाकला होता. तिशीपर्यंत कसंबसं निभावलं. मग ट्रॅक्टरचा क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. ट्रॅक्टर चालवण्याशिवाय मला काही येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण करायची इच्छा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "वय कमी, काम जड. कृत्रिम सांधा लवकर झिजेल. त्यापेक्षा खुबा कायमचा जोडून टाकू." हाडांच्या टोकांवरची कूर्चा खरवडायची, हाडाला हाड भिडवायचं, वरून धातूची पट्टी आणि स्क्रू. हाडं एकजीव झाली की दुखणं बंद, पण खुबा हलणंही बंद. "ज्या कोनात जोडू, त्याच कोनात तो जन्मभर राहील. तुमचं बसायचं काम जास्त की उभ्याचं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी बाबा गावाहून जळगाव जामोदला आणि तिथून एसटीने दवाखान्यात आले, ते ट्रॅक्टरची सीट काखोटीला मारून. ती त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, याच्यावर बसवा त्याले, अन् जसा बसते तसाच जोडून टाका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र खो खो हसले. सीट स्टुलावर ठेवून त्यांनी मला खरोखरच बसवलं आणि कोन मोजला. "एवढा वाकवला तर चालणं अवघड होईल. थोडा कमी ठेवू."

"अजून जरासा वाकवा ना," बाबा म्हणाले. बैलबाजारात उभी हयात गेलेला माणूस, घासाघीस केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. डॉक्टर एक कोन सांगत, बाबा दुसरा. शेवटी बाबांनी हात पुढे केला. "बरं, ना तुमचं ना माझं." डॉक्टरांनी हात मिळवला आणि ऑपरेशन मात्र आपल्याच हिशोबाने केलं.

हाडं जुळली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मला ट्रॅक्टरवर बसलेलं पाहायला सगळी गल्ली जमली. मी पायरीजवळ गेलो अन् थबकलो. पाय वर उचलेचना. बसण्याचा कोन सगळ्यांनी मोजला होता, चढण्याचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. शेवटी ट्रॅक्टर ओट्याला चिकटवून लावला आणि चौघांनी मला गव्हाच्या पोत्यासारखं आत सरकवलं. सीटवर मात्र मी असा बसलो की जणू तिथेच जन्मलो होतो.

दुपारी बाबा वावरात डबा घेऊन आले. "उतर बे, जेवून घे."

"इथं उतरता येत नाही, बाबा. ओटा नाही."

बैलांचा हा माणूस आजवर ट्रॅक्टरवर कधी चढला नव्हता. ते धोतर सावरत मडगार्डवर चढले, माझ्या शेजारी बसले आणि डबा उघडला. जेवता जेवता त्यांनी हळूच माझ्या खुब्यावर बोट दाबलं.

"दुखते का?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, बाबा."

बाबांनी तोंड फिरवलं. "तुह्या मायनं तिखट लई टाकलं बे," म्हणत त्यांनी बाहीने डोळे पुसले.

डब्यात दहीभात होता.