कुरडयांचं ऊन

अकोल्यातला मे महिना. कूलरसमोर बसून माझी मुलगी इंग्रजीच्या परीक्षेसाठी उन्हाळ्याच्या शब्दजोड्या पाठ करत होती. ब्लेझिंग सन, स्कॉर्चिंग हीट, ड्राय स्पेल. इथवर ठीक होतं. मग ‘ग्लोरिअस सनशाइन’ आलं आणि ती हसायलाच लागली.

“बाबा, उन्हाचं कोणी एवढं कौतुक करतं का?”

“थंड देशातल्या माणसांचे लाड आहेत ते. एक दुपार इथे उभं करा त्यांना,” मी म्हणालो. इथे सकाळीसुद्धा नळाला गरम पाणी येतं. मला या उन्हाचा मनापासून राग आहे.

तेवढ्यात ढग आला, खोली अंधारली. मला बरं वाटलं. पण गच्चीवरून बायकोची हाक आली, “अहो, लवकर वर या!”

आम्ही दोघं तसेच धावलो. पहाटे उठून तिने गव्हाचा चीक शिजवला होता आणि त्याच्या ओल्या कुरडया गच्चीभर पसरल्या होत्या. त्या वाळल्या नाहीत तर आंबणार, सगळी मेहनत वाया. तिघंही आभाळाकडे बघत उभे राहिलो.

हळूहळू ढग सरकला.

“कसं छान कडकडीत ऊन पडलं बाई!” बायको म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. चपला खालीच राहिल्या होत्या. तळपाय पोळत होते, तरी मी म्हणालो, “हो, छान पडलंय.”