खाली काय अंथरलं?

मुक्कामाला पोचलो की ते आधी खाली बसत आणि उलटा हात जमिनीला लावत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. मग एकच प्रश्न विचारत, "खाली काय अंथरलं?"

ते आमच्या कॉलेजचे शिपाई. सगळे त्यांना काका म्हणत. दर जानेवारीत घाटंजीकडच्या एखाद्या गावात आमचं सात दिवसांचं शिबिर असे. गावाबाहेर तंबू ठोकायचे, दिवसभर श्रमदान करायचं. शिबिराचा प्रमुख मी, पण पोरं रात्री ऐकत ती काकांचं. असा एखादा माणूस तुमच्याही कॉलेजात असेलच.

"वरची थंडी कंबल अडवते सर, खालची कोन अडवन?" असं म्हणत ते गावातून कडब्याच्या पेंढ्या मागून आणत. आधी पोती, त्यावर कडबा, त्यावर सतरंजी. चुलीजवळ तापलेले गोटे फडक्यात बांधून पोरांच्या पायाशी ठेवत. मुलींच्या तंबूबाहेर ठेवून नुसती हाक मारत. झोपण्याआधी सगळ्यांना दटावत, "लघवीले जाऊन या रे पोट्टेहो! मंग थंडीत धरून पडता अन् रातभर कुडकुडता."

एका वर्षी यवतमाळचा एक मुलगा महागडी झोपायची पिशवी घेऊन आला. कडबा टोचतो म्हणून पिशवी त्यानं तशीच जमिनीवर टाकली. पहाटे त्याचे दात वाजत होते. काकांनी त्याला पिशवीसकट उचललं आणि खाली दोन पेंढ्या सरकवल्या. "पिशवी झ्याक हाय तुही, पर खाली त धरतीच हाय ना!" सगळा तंबू हसला. तोही हसला आणि झोपला.

रात्रीतून दोनदा ते सगळ्या तंबूंभोवती फिरत. एकदा शेकोटीजवळ मी विचारलं, "काका, तुम्ही झोपत का नाही?"

त्यांनी काटकीनं निखारे सारले.

"आमी परगावी कापूस येचाले गेलतो सर. वावरातच झोपो. मी सात-आठ वर्साचा. इकडून माय, इकडून मी, मधात लहान बहीन. पांघरून होतं. खाली काईच नव्हतं. सकायी माय तिले उठवाले गेली..."

ते उठून तंबूंकडे गेले.

सतरा वर्षं त्यांनी कॉलेजात काढली, रोजंदारीवरच. मग शिपायांचं काम एका एजन्सीकडे गेलं. एजन्सीनं तरुण माणसं आणली. काकांना एका शनिवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. स्टाफरूममध्ये आम्ही दिवसभर हळहळलो.

नंतरच्या हिवाळ्यात ते मला नेरच्या बाजूला एका बांधकामावर भेटले. तिथं चौकीदार होते. टिनाच्या खोलीत नुसत्या सिमेंटवर एक कंबल पडलं होतं. खोकत होते.

"काका, खाली काही नाही?"

"आता कायले सर? एकट्याले कोन कडबा आनत बसते."

निघताना त्यांनी माझा हात धरला. "सर, प्राचार्य साहेबांजवळ एक शब्द टाकून पाहा ना. झाडू मारीन."

"टाकतो," मी म्हणालो.

प्राचार्य मला रोज भेटत. पण माझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. आज नको, उद्या विचारू, असं करत महिना गेला. मग बातमी आली. निमोनिया झाला होता, दवाखान्यात न्यायला उशीर झाला.

बोरी अरबजवळच्या त्यांच्या गावी मी तेरवीनंतर गेलो. त्यांच्या मुलीनं चहा दिला.

"तुमीच का जी शिबिराचे सर? बाबा पडल्यापडल्या म्हनत, सर बोलले असतीन, निरोप येते पाह्य. काय म्हनले जी साहेब?"

मी कपाकडे बघत म्हणालो, "नाही म्हणाले."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"विचारलं त तुमी. बाकी कोनी तेवढंबी नाही केलं."

मी चहा संपवला आणि साडेचारची एसटी धरली.