काळजाचं औषध

घाटनांदूरला आमच्या शाळेच्या कुंपणाजवळून एक मेंढपाळ रोज मेंढरं घेऊन जायचा. भाकरी खायला बसला की पहिला तुकडा सोबतच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, मग स्वतःला. बोलायचा थोडं, तेही कुत्र्याकडं बघत.

मुलीनं पुण्याहून आणलेलं डार्क चॉकलेट मला आवडलं नाही, म्हणून जवळजवळ अख्खी वडी मी त्याला दिली. त्यानं कोपरा चाखून तोंड वाकडं केलं.

"लई कडू हाय, गुरुजी. कावून?"

"साखर नावाला, बाकी सगळा कोको. काळजाला चांगलं असतं म्हणतात."

त्यानं उरलेली वडी फडक्यात जपून बांधली.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच दिसला. पहिला तुकडा मोडून बाजूला ठेवलेला. विचारलं तेव्हा कळलं, कुत्र्याला धाप लागायची, म्हणून सगळी वडी त्यानं त्यालाच चारली होती. उलट्या झाल्या, झटके आले, दुसऱ्या दिवशी कुत्रं गेलं.

चॉकलेट कुत्र्याला विष असतं, हे मला ठाऊक होतं. हा माणूस एकट्यानं काही खात नाही, हेही ठाऊक होतं. सांगायला मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तुमचं औषद म्या लई उशिरा दिलं, गुरुजी. आधी दिलं आसतं तर वाचला आसता."

मी मान डोलावली.