बिनदाराची गाडी

रसूल शिकलगाराच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सरकारांच्या तलवारींना धार लावायचं काम. तलवारी भिंतीवर गेल्या आणि रसूलच्या वाट्याला आली गाडी. सांगलीकडच्या त्या चिमुकल्या संस्थानाच्या धन्यांना, म्हणजे सरकारांना, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईत मोटारींची भुरळ पडली आणि त्यांनी इटलीची लाल आल्फा रोमिओ घरी आणली, तीही शर्यतीची! संस्थान एवढंसं, की वरचा गियर टाकेपर्यंत त्याची शीव यायची.

गाडी मात्र बावनकशी. हजार मैलांच्या शर्यतीत पळण्यासाठी घडवलेली. आठ सिलिंडर एका रांगेत, चार-चारांचे दोन ठोकळे, त्यांच्या मधोमध दातेरी चाकं, शिवाय इंजिनात हवा कोंबणारा पंप. वजन वाचवायचं म्हणून तिला दारंच नव्हती. पाय उचलून आत उतरायचं. रसूलचा तिच्यावर जीव जडला होता, खोटं कशाला बोला.

मग लढाई आली, पेट्रोल रेशनवर गेलं आणि गाडी पागेत अडकली. "इंजिन गंजून धरता कामा नये," सरकारांनी बजावलं. रोज सकाळी हँडल मारून रसूल इंजिन फिरवी. एक दिवस हलायची सोय नाही. बायको जन्नतबी बाळंतपणाला मलकापूरला माहेरी गेली ती तिथंच राहिली. पोरगी बापाला ओळखेना. तिथल्या नाथाजीची उतारूंची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. त्यानं रसूलसाठी मिस्त्रीची जागा धरून ठेवली होती. रसूल दर वेळी मोकळीक मागे आणि सरकार दर वेळी हसून विषय बदलत. नुसता कोंडमारा.

दसऱ्याला तर कहर. गाडीला झेंडूच्या माळा, आणि सीमोल्लंघनाला तिला ओढायला गावातल्या केरबाची बैलजोडी! रसूल स्टिअरिंग धरून बसे. केरबा मागं वळून ओरडे, "गियर टाक की रं गड्या, माजी बैलं दमली!" सारा गाव खिदळे. धरणीनं पोटात घ्यावं, असं रसूलला होई. एका दसऱ्याला तो सरकारांपुढं हात जोडून रडलाच. तेव्हा सरकार विरघळले.

"ही स्वतःच्या बळावर शीव ओलांडेल, त्या दिवशी तू मोकळा."

लढाई संपली. पुढच्या दसऱ्याला सरकारांनी कुठून तरी पेट्रोल पैदा केलं. नवऱ्याला न्यायला जन्नतबी पोरीसकट नाथाजीच्या मोटारीनं आली आणि शिवेपलीकडं उभी राहिली. रसूलनं हँडल मारलं. आल्फा अशी डरकाळली की केरबाचे बैल उधळले. बघता बघता शीव मागं पडली. कित्येक वर्षांनी रसूल मोकळेपणानं हसला.

सरकार धापा टाकत आले, डोळ्यांत पाणी. रसूलनं उतरायला पाय उचलला, तोच त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या डोक्याला बांधला. धनी ज्याला आपला फेटा बांधेल, त्यानं त्याचा उंबरठा सोडायचा नाही, ही तिथली रीत. सोडला तर धन्याला चारचौघांत बोडकं केल्यासारखं. सरकारांना आपला शब्द आठवत होता का? आम्हाला विचाराल तर चांगला आठवत होता.

"आवं, उतरा की खाली," जन्नतबी म्हणाली. "मोटार सुटंल."

रसूलनं उचललेला पाय आत घेतला. "तू जा... म्या..."

पोरीनं आईचा पदर ओढला. "अम्मा, ह्यो राजा हाय व्हय गं?"

जन्नतबीनं तिला कडेवर घेतलं आणि ती नाथाजीच्या मोटारीकडं चालू लागली.