घाटातला मागचा खांदा

मुंगी घाटाच्या पायथ्याशी कावड शेवटची टेकते. तीन काठ्यांच्या लाकडी तिकाटण्यांवर ती ठेवली की माणसं पाणी पितात, कमरेचे शेले आवळतात. तिथून उचलली की शिखर शिंगणापूरच्या महादेवासमोरच उतरवायची. वाटेत जमीन लागली तर ते पाणी देवाला चालत नाही. जाड बांबू, त्याला बांधलेले तांब्याचे दोन मोठे हंडे, त्यात कऱ्हेचं पाणी, वर निशाणं. सपाटीला हे ओझं खांदे बदलत सहज निघतं. घाटात मात्र उभी, दगडी चढण लागते. माणसं हातात हात गुंफून साखळी करतात, आणि सगळं वजन मागच्या खांद्यावर येतं.

हडपसरच्या पुढच्या एका गावात हा मागचा खांदा एकाच भावकीकडे आहे. गाव महापालिकेत गेलं, उसाच्या जागी इमारती आल्या, पण चैत्रात कावड निघते आणि घाटात मागचा खांदा तीच भावकी देते. या वर्षी त्या भावकीत वयाने मोठे होते रंगनाथ, मुंढव्याच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई स्वयंपाकाच्या टेम्पोबरोबर होत्या. घाटात बायका चढत नाहीत. त्या रस्त्याने वळसा घालून वर जातात.

सुशीलाबाईंना एकच गोष्ट करायची होती. नवऱ्याला त्या घाटात चढू द्यायचं नव्हतं.

माघात रंगनाथांच्या छातीत कळ आली होती. नळ्या बसवल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हृदयाचा बराचसा स्नायू कामातून गेला आहे. दोन जिने चढले तरी थांबायचं, ओझं उचलायचं नाही. रिक्षात बसल्यावर रंगनाथ पहिलं वाक्य बोलले ते हे, की यातलं गावात काही कळता कामा नये. गावाला पित्ताचा त्रास असं सांगण्यात आलं. ते औषधं घेत, पथ्य पाळत. पण चैत्र आला तसा त्यांनी शेला धुऊन वाळत घातला.

सुशीलाबाई भांडल्या, रडल्या, मग बरोबर निघाल्या. दिवे घाटातल्या चढावर त्यांनी नवऱ्याला पुढे-पुढे करताना पाहिलं आणि थोड्या वेळाने रस्त्याकडेच्या दगडावर बसलेलंही पाहिलं. जेजुरी मागे पडल्यावर पाय सुजले. चौथ्या मुक्कामाला त्यांना आडवं होता येईना, ते टेम्पोच्या चाकाला पाठ टेकून बसून राहिले. सुशीलाबाईंनी शेवटचं विचारून पाहिलं.

"या वर्षी दुसऱ्याला द्या ना खांदा. अहो, एकच वर्ष."

"आणि मी काय करू? टेम्पोत बसून भाकऱ्या मोजू? त्यापेक्षा घाटात गेलेला बरा."

सुशीलाबाईंनी वैजनाथअण्णांना खरं सांगायचा विचार केला. अण्णा कावडीचे पुढारी, सगळ्यांवर त्यांचा शब्द. पण पुढे काय होईल हे त्यांना दिसत होतं. रंगनाथ हसून म्हणाले असते, बाईमाणूस आहे, घाबरते. माणसांनी त्यांच्यावरच विश्वास ठेवला असता. दुखणं सांगून कोणी कावडीखालून निघत नाही. दुखणी घेऊनच तर माणसं येतात. ज्याच्यापुढे कोणाचं चालत नाही असं एकच कारण होतं.

पायथ्याला कावड टेकली तेव्हा सुशीलाबाई फोन हातात धरून अण्णांकडे गेल्या. म्हणाल्या, भुसावळहून फोन होता, निवृत्तीतात्या गेले.

निवृत्तीतात्या रंगनाथांचे चुलत चुलते. नव्वदीच्या घरातले, रेल्वेच्या नोकरीमुळे तिकडेच राहिलेले. वर्षानुवर्षं कोणाचं येणं-जाणं नव्हतं. सुशीलाबाईंनी त्यांना विचार करून निवडलं होतं. तात्या तेव्हा जिवंत होते.

"कधी गेले?" अण्णांनी विचारलं.

"पहाटे."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. कावडीकडे पाहिलं.

"मंग सुतक आलं की वहिनी. तुमची सगळी भावकीच बाजूला झाली."

सुशीलाबाईंनी फक्त एका माणसाचा विचार केला होता. सुतक एकट्याला लागत नाही, हे लग्न होऊन आल्यापासून त्यांना ठाऊक होतं. तरी त्या घडीला ते डोक्यात आलं नव्हतं. दीर, पुतणे, चुलतदीर, रंगनाथ धरून घाटाची नस न् नस माहीत असलेली सात माणसं एकेक करून कावडीपासून लांब सरली. शेले सोडले. कोणी वाद घातला नाही.

तेव्हा बोलता आलं असतं. फोनवर नीट ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण रंगनाथ एका दगडावर बसले होते, तोंडाने श्वास घेत होते, ओठांचा रंग बदललेला. सुशीलाबाईंनी तोंड मिटलं.

त्यांनाही आता स्वयंपाकाला हात लावता येणार नव्हता. टेम्पोबरोबर स्वयंपाकाला आलेल्या चंद्रभागाबाईंनी त्यांच्या हातातली पळी घेतली. तेवढ्यात अण्णांनी मागच्या खांद्यासाठी तरणी पोरं निवडली, त्यात चंद्रभागाबाईंचा शुभंकर होता. खराडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करणारा, रजा टाकून आलेला, अंगाने धडधाकट. सपाटीला त्याने खांदा दिला होता, घाटात कधी नाही. नवऱ्यामागे एकटीने वाढवलेला मुलगा होता तो.

"तुमच्या घरात वाईट झालं म्हणून बोलू नये," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पर माझ्या पोराला घाटाचा खांदा मिळाला गं."

वरून "म्हाद्या, धाव" अशा हाका येत राहिल्या. मग त्या थांबल्या. अर्ध्या चढणीच्या वर एका अडचणीच्या ठिकाणी मागची माणसं पाय बदलताना चुकली. तिथे आधी डावा पाय रोवून मग खांदा द्यायचा असतो. भावकीत ते पोरांना लहानपणापासून दाखवतात. हंडा आणि बांबू सरकून शुभंकरच्या पाठीवर आले. तो ओझ्याखालीच राहिला, आणि म्हणून कावड जमिनीला लागली नाही. ही गोष्ट पुढे गावात पुष्कळदा अभिमानाने सांगितली गेली. कावड वर गेली. शुभंकरला त्याच साखळीने हातोहात खाली आणलं.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. कमरेखाली काही कळत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

घरी रंगनाथ एकच वाक्य बोलत. आम्ही असतो तर झालं नसतं. ते खरंच होतं, आणि सुशीलाबाई भाकरी थापत ते ऐकत. मग रंगनाथांनी तात्यांच्या दहाव्याला भुसावळला जायचं काढलं. पिशवी भरली. तेव्हा सुशीलाबाईंनी पिशवी काढून घेतली आणि खरं काय ते सांगितलं.

रंगनाथांनी त्यांच्यावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं.

"चंद्रभागेला ठाऊक हाय?"

"नाही."

"सांगायचं न्हाई. कोणालाच न्हाई."

भावकीला त्यांनी कळवलं, की तिकडचं सगळं उरकलंय, कोणी जायची गरज नाही. दहाव्या दिवशी घरासमोर न्हावी बोलावला. जिवंत माणसासाठी सात जणांनी डोकी भादरून घेतली. पहिले रंगनाथ बसले. मिशी उतरवताना त्यांनी डोळे मिटले नाहीत, दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत राहिले.

शुभंकरला घरी आणल्यापासून ते रोज सकाळी त्याच्याकडे जातात. त्याला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवतात, अंघोळीला नेतात, परत आणतात. पैशाने माणूस ठेवू म्हटलं तर ऐकत नाहीत. सुशीलाबाईंनी एकदा नुसतं "डॉक्टरांनी" एवढा शब्द काढला होता. रंगनाथांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात त्या स्वतः चंद्रभागाबाईंकडे गेल्या, सगळं सांगून टाकायचं ठरवून. चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होत्या. त्याच आधी बोलल्या.

"कधीकधी वाटतं, तुमचे तात्या दोन दिवस उशिरा गेले असते तर. मंग वाटतं, मरण काय कुणी सांगून आणतं का? तुमचा काय दोष." सूप बाजूला ठेवून त्यांनी आत पाहिलं. "भाऊजी देवमाणूस हायेत. पर त्यांना लई धाप लागती हो. काही दुखणं तर न्हाई ना?"

आतल्या खोलीत रंगनाथ शुभंकरच्या काखेत हात घालून त्याला उठवत होते.

"नाही," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला बसल्या.