दर्यापूरचा जीपवाला

दर्यापूरहून अमरावतीला जीप नेणारा तो माणूस गाडी गच्च भरल्याशिवाय हलत नसे. कपाशी बुडाली त्या वर्षांत तर मुळीच नाही. "सरका बा, अजून दोघं बसते," हेच त्याचं बोलणं.

एका सकाळी बाबांच्या उजव्या डोळ्यापुढे एकाएकी अंधार झाला. दुखत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "उद्या पाहू." गावातल्या डॉक्टरांनी मात्र ओळखलं: डोळ्याच्या पडद्याची नस बंद झाली होती, उशीर केला तर डोळा जाणार होता. अड्ड्यावर आमच्याकडून हे ऐकून जीपवाल्याने आम्हा दोघांनाच घेऊन जीप काढली. रस्त्यात हात दाखवणाऱ्यांसाठी थांबला नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी डोळा दाबत-सोडत चोळला, औषध दिलं. दुपारी थोडं दिसू लागलं. जीपवाल्याने खांद्यावरचा दुपट्टा सावरत आत येऊन बाबांचा डावा डोळा तळहाताने झाकला.

"काकाजी, काय दिसते?"

"तुया लाल दुपट्टा. धुवून टाक त्याले."