एल्फ आजीचा प्रसंग

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही रेवाला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी आता काय फरक पडणार?

रेवा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ग्वाल्हेरला दाना ओलीत तिच्या घरी आम्ही चौघं — ती, मी आणि वर्गातले दोन मुलगे — रविवारी फाशांचा गेम खेळायचो, राक्षस-किल्ले-जादूवाला. आम्ही तिघांनी एकेक पात्र घ्यायचं. बाकी साऱ्या जगाच्या तोंडचं रेवा बोलायची. गेम तीच चालवायची ना.

मला नवं पात्र करायचं होतं. हाफ-एल्फ वॉरलॉक — आई माणूस, बाप एल्फ म्हणजे परीलोकातला, आणि शक्तीसाठी पोरीनं अंधाराशी केलेला करार. आता करार करायचा तर तसं कारण हवं. ऐकणारे गप्प होतील असं. मला काही सुचेना. आणि मग — सुचलं नाही, आठवलं.

रेवाची आई, आमच्या काकू, मुरैन्याच्या, हिंदी घरातल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी महालक्ष्म्यांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाला रेवाची आजी त्यांना हात लावू देत नाही. ग्वाल्हेरच्या काही मराठी घरांत चालतं हे अजून. काकूंनी बाहेर बसून वाती वळायच्या. रेवा दरवर्षी हट्टानं त्यांच्याजवळ बसते. हे तिनं मला एकदा बाड्यावर बाजारात फिरताना सांगितलं होतं, रडत. फक्त मला.

मी ते उचललं. देवघराचं एल्फांचं मंदिर केलं, बाकी जसंच्या तसं.

रविवारी वाचून दाखवलं. दोघे मुलगे खूश — "अरे यार, ये कहाँ से सूझा?" मी म्हटलं, बस, सूझ गया. रेवा फासे मुठीत धरून बसलेली. इथं थांबता आलं असतं, नाही? पण मला माझा सीन हवा होता. म्हटलं, एल्फ आजीचा प्रसंग आत्ताच खेळू.

आणि आजीच्या तोंडचं कोण बोलणार? रेवाच.

एरवी आमचं सगळं हिंदीत चालायचं. ती मराठीत बोलली, हुबेहूब आजीच्या सुरात — "तू बाहेरच बस हो. तुझ्या हातच्या वाती फार छान होतात."

मुलगे हसले. मीही हसले. मागे दारात काकू पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या.

त्यांना वाटलं, लेक चारचौघांत आपली थट्टा करतेय. दुसरं काय वाटणार? एक वाक्य पुरे होतं — काकू, हे मी लिहिलंय. तेवढं माझ्यानं झालं नाही. बशा ठेवून त्या गेल्या, रेवाकडे न बघता. मला लिंबू जास्त लागतं म्हणून माझ्या बशीत दोन फोडी होत्या. मी पोहे खाल्ले.

रेवानं गेम बंद केला. आईला तिनं खरं सांगितलं नसावं. सांगणार कसं — घरातलं बाहेर तिनंच सांगितलं होतं ना?

यंदा महालक्ष्म्यांना त्यांच्याकडे गेले. काकू बाहेर वाती वळत होत्या. रेवा शेजारी बसायला आली, तर म्हणाल्या, तू आत जा. ती गेली.

आजीनं मलाही आत बोलावलं, पाट मांडला. मी जेवले.